धुळाआप्पांचं नाव कुठं गेलं

"माझं नाव कुठं हाय?"

धुळाआप्पांनी लग्नपत्रिका टेबलावर आपटली, तेव्हा मी प्रिंटरचं झाकण उघडून आत हात घालून बसलो होतो. हात काळे, तोंडात स्क्रू. प्रेसचे मालक राजाभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, सहा फुटी माणूस समोर उभा राहिल्यावर कोणीही उठेल.

"वाचा," आप्पा म्हणाले. "मामा म्हणून माझ्या दोन्ही धाकट्या भावांची नावं हायती. मी थोरला. भाचीच्या पाठीमागं बोहल्यावर मी उभा राहनार. आन् माझंच नाव न्हाई?"

राजाभाऊंनी पत्रिका वाचली. खालून वर वाचली, वरून खाली वाचली. नाव नव्हतं.

शिरूर भागातली लग्नपत्रिका ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगतो. नवरा-नवरीची नावं त्यात असतात, पण पत्रिका त्यांच्यासाठी नसते. ती असते खालच्या नावांसाठी. चुलते, मामा, आत्या, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीवाले. साठ-सत्तर नावं सहज. कोण वर, कोण खाली, यावर घरात आठवडाभर बैठका चालतात. त्यातून थोरल्या मामाचं नाव गळणं म्हणजे त्याला भर मांडवातून हाताला धरून बाहेर काढण्यासारखं.

"आप्पा, चूक झाली. आत्ता नाव घालतो, संध्याकाळच्या आत सगळ्या पत्रिका नव्या छापून देतो," राजाभाऊ म्हणाले.

"नाव घालाया मी आलोच न्हाई. ते गेलं कुठं ते सांगा. माझ्या दाजीनं काढाया लावलं का?"

"नाही हो! तुमच्या भाच्यानं लिहून आणलेल्या कागदात होतं ना नाव."

"मग कुनी काढलं? कळल्याबिगर मी लग्नाला जानार न्हाई. कवठ्याची गाडी पाचला हाय. तवर मी हितंच बसतो." आणि आप्पा बाकावर बसले. काठी आडवी मांडीवर.

राजाभाऊंनी आतल्या टेबलाकडे बघून हाक मारली. "विमलताई!"

विमलताई प्रेसच्या टायपिस्ट. वय पन्नाशीच्या आसपास. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या, तिथल्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, लग्न होऊन शिरूरला आलेल्या. बावीस वर्षं टाईप करत होत्या. आधी टाईपरायटर, मग कॉम्प्युटर. 'डीटीपी ऑपरेटर' हे नवीन नाव त्यांना आवडत नसे. टायपिस्ट म्हणायचं.

"ताई, महिन्यातली ही तिसरी," राजाभाऊ म्हणाले. "शिक्रापूरच्या दुकानाच्या उद्घाटनात प्रमुख पाहुण्यांचं नाव गेलं. शाळेच्या बक्षिसाच्या यादीत एक पोरगी गेली. आता हे."

"मी टाईप केलंय," ताई म्हणाल्या. त्यांनी हस्तलिखित कागद पुढे केला. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची बारीक टिक. धुळाआप्पांच्या नावापुढेही. "नाव टाईप झाल्याशिवाय मी टिक करत नाही. बावीस वर्षांत केली नाही."

"टिक केली, टाईप राहिलं. डोळे थकले असतील ताई. मी काय तुम्हाला दोष देत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "युनूसभाई, मशीन कसंय?"

मी तोंडातला स्क्रू काढला आणि बोललो, "मशीन ओके आहे."

एवढंच बोललो मी. तीन शब्द. सवयीनं.

राजाभाऊंनी सुस्कारा सोडला. "मग ताई, उद्यापासून तुम्ही घरी आराम करा. शिक्रापूरचा एक ऑपरेटर विचारतच होता."

विमलताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते. त्या नजरेत राग नव्हता. 'तुम्ही बघितलंत का खरंच?' असा साधा प्रश्न होता.

मी काही बघितलं नव्हतं.

माझी ओळख करून द्यायची राहिली. मी युनूस तांबोळी, शिरूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शिरूर, न्हावरे, दौंड, पार भांडगावपर्यंत मोटारसायकलवर टूलकिट बांधून फिरायचो. साल दोन हजार तीन-चार असावं. या प्रेसचं वर्षाचं मेंटेनन्सचं काम माझ्याकडे होतं. दर आठवड्याला येऊन मशीन बघायचं आणि सर्व्हिस रिपोर्टच्या वहीत सही करायची. महिन्यापूर्वी जुना कॉम्प्युटर काढून नवा मीच बसवला होता. त्याच आठवड्यात राजाभाऊंनी टेलिफोनवरून नेटही घेतलं होतं. पुण्याला डिझाईन मेलनं पाठवायची असायची म्हणून. आणि चुका सुरू झाल्या त्याही महिन्यापूर्वीच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळच्या आहेत, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख चमकलं.

"राजाभाऊ," मी म्हणालो, "पाचपर्यंत मला मशीन द्या."

"आत्ता तर ओके म्हणालात!"

"म्हणालो. आता बघतो."

बाकावरून आप्पा म्हणाले, "ह्यो म्हंजी आधी सांगतो आन् मग बगतो."

मी कामाला लागलो. आधी व्हायरस. नाही. मग कीबोर्ड. एखादी की अडकत असेल तर अक्षर जाईल, अख्खं नाव कसं जाईल? तरी दुसरा कीबोर्ड लावला. मग मेमरी तपासली. फाईल तपासली. सगळं ठणठणीत. मधे एकदा मशीन बंद करून चालू केलं, तेव्हा एक छोटी विंडो आली. 'साइन इन करा', तुमच्या अकाऊंटचं नाव टाका. चॅटिंगचा एक प्रोग्रॅम असायचा त्या काळी, सिस्टिमबरोबर फुकटच यायचा. नेट असो नसो, तो आपला विचारत राहायचा. मी 'कॅन्सल' दाबलं. दर आठवड्याला दाबायचो. दारावर आलेल्या फेरीवाल्याला आपण न बघता नको म्हणतो, तसं.

एक वाजला. हाती काही लागलं नाही. खरं सांगतो, तोवर माझाही संशय ताईंवरच जायला लागला होता.

"ताई, एक काम करा," मी म्हणालो. "ही सगळी नावं नव्या फाईलमध्ये परत टाईप करा. रोज करता तशीच."

मी शेजारी स्टूल टाकून बसलो आणि त्यांच्या बोटांवर नजर ठेवली. काय ती बोटं! मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पास झालेली. नाव, एंटर, नाव, एंटर. दर पाच-सहा नावांनी डाव्या हातानं पेन्सिल उचलायची, टप टप टिका, पेन्सिल खाली. एक बोट घसरलं नाही, एक नाव सुटलं नाही. मी मनात मोजत होतो. शेवटी त्या थांबल्या. आम्ही दोघांनी मान वर करून स्क्रीन बघितला. मी कागदाशी ताडून बघत गेलो आणि चुलत्यांच्या यादीपाशी माझं बोट थांबलं.

एक चुलता गायब.

मी ताडकन उठलो. स्टूल मागं पडलं. या वेळी धुळाआप्पा होते, आणि दुसराच कोणी गेला होता! आणि त्या नावावरून ताईंची बोटं फिरताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती!

"बघा," राजाभाऊ मागून म्हणाले. "तुमच्यासमोर गाळलं."

"गाळलं नाही! टाईप केलंय! मी बघितलंय राजाभाऊ!"

"मग गेलं कुठं?"

"तेच तर ते आप्पा सकाळपासून विचारतायत!"

मी खाली बसलो आणि पहिल्यांदाच नीट विचार केला. मी कुठं बघत होतो? बोटांकडे. ताई कुठं बघत होत्या? कागदाकडे. मग स्क्रीनकडे कोण बघत होतं? कोणीच नाही!

"ताई, तुम्ही टाईप करताना स्क्रीनकडे बघतच नाही?"

ताईंना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "का बघायचं? इन्स्टिट्यूटमध्ये आमचे सर हातावर रुमाल टाकायचे. नजर कागदावरून हलली की पट्टी. कागद वाचायचा, हात आपलं काम करतात. वर बघत टाईप करतात ते शिकाऊ."

त्यांचं बरोबर होतं. टाईपरायटरमध्ये वर बघायचं कारणच नव्हतं. टाईपरायटर काही कोणाला मधेच आडवा येत नाही.

"परत टाईप करा ताई. परत सगळं. या वेळी मी फक्त स्क्रीन बघणार."

एव्हाना प्रेसमधला छपाईवालाही हात पुसत येऊन उभा राहिला होता. ताई टाईप करायला लागल्या. स्क्रीनवर नावं भराभर उमटत होती. पंचवीस. तीस. काही नाही. चाळीस. साठ. यादी संपली. सगळी नावं जागच्या जागी.

"आता?" राजाभाऊ म्हणाले.

"थांबू नका ताई. परत सुरू करा."

ताईंनी तिसऱ्यांदा सुरू केलं. माझे डोळे चुरचुरत होते, पण पापणी मिटायची भीती वाटत होती. दहा नावं झाली. बारा. आणि आली!

तीच विंडो. साइन इन करा. पत्रिकेच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली, नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत. ताईंची नजर कागदावर. बोटं चालूच. तेराव्या माणसाचं अख्खं नाव त्या रकान्यात उमटलं, पण मराठीत नाही. मराठी फॉन्ट फक्त आमच्या डीटीपीच्या प्रोग्रॅममध्ये. त्या विंडोत तीच अक्षरं इंग्रजी कचऱ्यासारखी दिसत होती, कंस, टिंबं, उलटेसुलटे कॅपिटल. नाव संपलं. ताईंनी सवयीनं एंटर मारला. विंडोला वाटलं, अकाऊंटचं नाव मिळालं. तिनं नेट शोधलं, टेलिफोनवरचं नेट तेव्हा जोडलेलं नव्हतं, आणि ती मुकाट्यानं खालच्या कोपऱ्यात जाऊन बसली. चौदावं नाव परत पत्रिकेत उमटलं.

सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा. ताईंनी मान वर केली असती तोवर काही शिल्लक राहिलं नसतं.

"सापडलं!" मी ओरडलो. "आप्पा, सापडलं! चोर सापडला!"

आप्पा काठी टाकून आले. राजाभाऊ आले. मी हातवारे करून सांगितलं. राजाभाऊंनी ऐकून घेतलं, पण ते प्रेसवाले. छापलेलं दिसल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत.

"ही विंडो आत्ता आली हे मान्य. पण आधीच्या तीन चुका हिनंच केल्या कशावरून? त्या ताईंच्या नसतील कशावरून?"

ताईंचा चेहरा पुन्हा उतरला. मी कोपऱ्यातल्या त्या चिन्हावर क्लिक केलं. विंडो परत आली. नावाच्या रकान्याशेजारी खाली तोंड केलेला छोटा बाण होता. पूर्वी टाकलेली नावं लक्षात ठेवायची या प्रोग्रॅमला सवय, म्हणजे आपल्याला परत लिहायला नको. मी बाण दाबला.

पाच ओळी खाली उघडल्या. पाचही कचरा.

मी पहिली ओळ कॉपी केली, डीटीपीच्या पानावर पेस्ट केली, निवडली आणि मराठी फॉन्ट दिला. तेरावा माणूस! दुसरी ओळ. मघाचा गायब चुलता! तिसरी ओळ पेस्ट केली आणि फॉन्ट द्यायच्या आधी आप्पांना म्हणालो, "आप्पा, तुम्ही वाचा."

फॉन्ट दिला. आप्पा वाकले. त्यांना वाचता यायचं, पण एकेक अक्षर बोट ठेवून. त्यांनी बोट स्क्रीनवर टेकवलं.

"श्री… धुळा… बापू…" आणि पुढचं त्यांनी वाचलंच नाही. "आरं, हे तर मी!"

चौथी ओळ शाळेतली पोरगी. पाचवी उद्घाटनाचे पाहुणे. महिनाभर हरवलेली सगळी माणसं एका डबीत ओळीनं बसलेली होती. छपाईवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, लाज काय तिथं!

आप्पा ताईंकडे वळले. "बाई, तुमी लिवलं व्हतं मपलं नाव."

"लिहिलं होतं आप्पा."

"व्हय. दिसतंय की. आन् मी दाजीला काय काय बोललो सकाळच्याला. फोनवर."

तेव्हा दीड वाजला होता आणि खरं काम अजून बाकी होतं. ही विंडो बंद करणं. आप्पांनी लगेच दम दिला होता, "माझं नाव घालशील आन् पुन्यांदा दुसऱ्याचं गिळंल ती. आधी तिला घालवा."

मी प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये गेलो. 'कॉम्प्युटर चालू होताच सुरू हो' आणि 'आपोआप साइन इन कर' अशा दोन चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. दोन्ही काढल्या. मशीन बंद करून चालू केलं. विंडो नाही. राजाभाऊंनी पुण्याला डिझाईन पाठवायला मेल उघडला, आणि विंडो हजर! मेलचा प्रोग्रॅम तिला उठवत होता. मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन तीही खूण काढली. पण माझा आता तिच्यावर विश्वास राहिला नव्हता. म्हटलं, मुळासकट काढू.

काढून टाकायच्या प्रोग्रॅमची एक यादी असते. ती उघडली. वरून खाली बघितली, खालून वर बघितली. सगळ्यांची नावं होती, हिचं नव्हतं!

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"हिचंच नाव यादीत नाही."

आप्पा इतके मोठ्यानं हसले की रस्त्यावरची माणसं डोकावली. "लई भारी! दुसऱ्याची नावं गिळनारीचंच नाव न्हाई!"

ही युक्ती मला पुण्याच्या एका डीलरनं सांगितली होती, कधी वापरली नव्हती. सिस्टिमच्या पोटात एक साधी फाईल असते. त्यात त्या प्रोग्रॅमच्या ओळीत 'हाईड' असा एक शब्द घातलेला असतो, म्हणजे नाव यादीत दाखवायचं नाही. मी आधी फाईलची एक कॉपी बाजूला ठेवली, कारण चुकलं असतं तर मशीन गेलं असतं आणि त्याबरोबर माझी अब्रूही. मग तो शब्द खोडला, फाईल सेव्ह केली, यादी परत उघडली. आलं नाव! खूण काढली, ओके केलं, मशीन परत चालू केलं.

मग ताईंनी अर्धा तास सलग टाईप केलं. धुळाआप्पांची यादी, शाळेची यादी, एक जुनं निमंत्रण, काय हाताला येईल ते. आम्ही चौघं स्क्रीनकडे टक लावून बसलो होतो. एकाही नावाला धक्का लागला नाही.

अडीचला पत्रिका छपाईला गेली. या वेळी प्रूफ आप्पांनी स्वतः वाचलं. पहिल्या वेळी ते त्यांच्या भाच्यानं वाचून सही केली होती. त्यानं काय केलं असणार ते मला ठाऊक आहे. स्वतःचं नाव शोधलं असणार, सापडलं असणार आणि सही ठोकली असणार. सगळेच तसं करतात. आप्पांनीही आधी स्वतःचंच शोधलं, पण मग ताईंची पेन्सिल मागून घेतली आणि बाकीच्या प्रत्येक नावापुढे टिक केली.

पावणेपाचला गठ्ठे बांधून झाले. वरची पहिली पत्रिका आप्पांनी काढली, ताईंकडून पाकिटावर ताईंचंच नाव लिहून घेतलं आणि ती त्यांच्याच हातात दिली. "यायाचं बरं का. मामाकडनं आमंत्रन हाय." आणि घोंगडी सावरत ते एसटी स्टँडकडे पळाले. तेवढा उंच माणूस पळताना मी पहिल्यांदा बघितला.

राजाभाऊ बराच वेळ कागद चाळत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "ताई, उद्या जरा लवकर या. काम तुंबलंय." माफी मागायची ती त्यांची रीत.

मी टूलकिट आवरत होतो. ताईंनी सर्व्हिस रिपोर्टची वही माझ्यापुढे ठेवली. मी पेन उघडलं, तर त्यांनी मागची पानं उलटली. महिन्यातल्या चार भेटी. चारही पानांवर माझ्या अक्षरात 'मशीन ओके' आणि खाली माझी सही.

माझी मान खाली गेली. दिवसभर मी चोर पकडल्याच्या आनंदात नाचत होतो, आणि चोराला घरात घेऊन त्याला चार वेळा चांगल्या वागणुकीचा दाखला देणारा मीच होतो. ती विंडो दर वेळी माझ्यासमोर आली होती. मी दर वेळी कॅन्सल दाबलं होतं. सकाळी माझ्या तीन शब्दांवर एका बाईची बावीस वर्षं पुसली जाणार होती.

मी चारही 'ओके' खोडले आणि प्रत्येक खोडीवर सही केली. मग नव्या पानावर लिहिलं : 'दोष मशीनमध्ये होता. मशीन बसवणाऱ्याच्या लक्षात आला नाही. टायपिस्टची चूक नाही.' सही केली, दुकानाचा शिक्का मारला. वहीत कार्बन असायचा. ताईंनी खालची कॉपी फाडून घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होती. निवृत्त होईपर्यंत तिथंच होती. मला ती दर आठवड्याला दिसायची.

पुढं मी दौंडपासून शिक्रापूरपर्यंत पंचवीस-तीस मशीनमधून ती विंडो उपटली. एक नियम मात्र त्याच दिवसापासून पाळला. ऑपरेटरला काम करायला लावायचं, शेजारी अर्धा तास बसायचं, आणि मग 'ओके' लिहायचं.

त्या संध्याकाळी निघताना मी ताईंना म्हणालो होतो, "ताई, आता अधूनमधून स्क्रीनकडेही बघत जा."

ताईंनी नवा कागद स्टँडला लावला आणि त्यावर नजर ठेवूनच म्हणाल्या, "ते तुमचं काम, युनूसभाई. ओके तुम्ही लिहिता."